वडिलांनी रोखलेला हिमालय

लोकरीला लागलेला डांबरगोळ्यांचा वास आला, की वाईतला एक उन्हाळा आठवतो. साल पंचाहत्तर असावं. आमच्या कॉलेजच्या काही मुली वाटाड्याबरोबर हिमालयात जाणार होत्या आणि मी त्यांच्यात होते. पाठीवर वाळूची पिशवी बांधून मी रोज सकाळी पांडवगड चढायची. घाम डोळ्यांत उतरायचा, करवंदीच्या काट्यांनी हात ओरबाडून निघायचे. फौजेतल्या मामाचा जाड स्वेटर उसवून आईने माझ्या मापाचा विणला. उरली फक्त डॉक्टरांची तपासणी. डॉक्टर वडिलांचे मित्र. त्यांनी छातीला नळी लावली आणि माझ्याकडे न बघता वडिलांना म्हणाले, "हृदय जरा कमजोर आहे. डोंगर नको." मैत्रिणी गेल्या, मी राहिले. माझ्या कमजोर हृदयाची गोष्ट मात्र गावभर झाली, आणि पुढे माझं जमत आलेलं लग्न त्याच कारणाने मोडलं. पाहुणे उठून गेल्यावर आई वडिलांवर कडाडली, "आवं, तुमीच डॉक्टरला तसं सांगाय लावलं व्हतं न्हवं? आता सांगा जाऊन, पोरीला काय बी झालं न्हाई म्हणून!" वडील खाली बघत म्हणाले, "मला पोरगी डोंगरात धाडायची न्हवती. आता खरं सांगितलं तरी कोण मानतंय?" मला ते तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्यानंतर स्थळ आलंच नाही. वडील जाऊनही पुष्कळ वर्षं झाली. आज सत्तरीत मी दम न लागता घाटाच्या पायऱ्या चढते, आणि ओळखीच्या बायका अजून म्हणतात, "जपून हं ताई, तुमचं हृदय नाजूक." मी नुसती मान हलवते.