शिट्टीमामाची लाल रेघ

माझ्या मामाचं खरं नाव त्याच्या गल्लीत कुणाला विचारलंत तर लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघतील. शिट्टीमामा म्हणा, लहान पोरही घर दाखवेल. उभी हयात त्याने पोहण्याच्या तलावाच्या काठावर काढली. गळ्यात शिट्टी, पायात रबरी चपला आणि नजर पाण्यावर. जीवरक्षक होता तो. कुणाशी बोलतानाही तो समोरच्याकडे बघायचा नाही, पाण्याकडेच बघायचा. मामी म्हणायची, "माझ्याशी लग्न केलं तेव्हासुद्धा ह्यांचं लक्ष तलावातच होतं." त्याचं एक वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले होते. "बुडणारा माणूस ओरडत नाही गं. ओरडतो तो वाचतो. बुडणारा गप्प होतो."

मामी गेल्यावर मी त्याला आमच्याकडे चल म्हणून हजारदा विनवलं. तो म्हणायचा, "एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई." झालं, विषय संपला! तिसऱ्या मजल्यावरच्या त्याच्या दोन खोल्या त्याला सोडायच्या नव्हत्या. मग माझ्या नवऱ्याने एक युक्ती काढली. आमच्या घरी इंटरनेटवर सिनेमे-मालिका बघायचं जे खातं होतं, त्यातच मामाचा एक कप्पा उघडून दिला आणि त्याच्या टीव्हीला जोडून दिला. म्हटलं, म्हाताऱ्याचा वेळ जाईल.

वेळ कसला जातोय, वेडच लागलं! मामाला खेळांचे माहितीपट आवडायचे आणि मला गुन्ह्यांच्या मालिका. मी ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काउंटरवर असते. दिवसभर लोकांचे डाग बघायचे आणि हा चहा, हे रक्त, ही लिपस्टिक, असं ओळखत बसायचं. म्हणून मामा मला इन्स्पेक्टर म्हणायचा. काय बघावं हे आम्ही एकमेकांना सुचवायचो, पण वैद्य औषध देतो तसं, माणूस बघून. माझं सासूशी वाजलं की मामा सांगायचा, "आज मॅरेथॉनवाल्यांचं बघ. दम कसा राखायचा ते कळेल." त्याला फार एकटं वाटतंय असं बोलण्यावरून जाणवलं की मी एखादा गुंतागुंतीचा खून सुचवायची. डोकं गुंतलं की मन गप्प बसतं. नियम एकच होता. स्वतः शेवटपर्यंत बघितलेलंच सुचवायचं आणि शेवट काही झालं तरी सांगायचा नाही. एकदा मी चुकून सांगितला तर हा बाबा आठ दिवस माझ्याशी बोलला नव्हता.

आता त्या रेघेबद्दल सांगते. मालिकेच्या प्रत्येक चित्राखाली एक लाल रेघ असते. जितकं बघून झालं तितकी ती पुढे सरकते. खातं एकच असल्यामुळे मला मोबाईलवरून मामाच्या कप्प्यात डोकावता यायचं. दुपारी डबा खाताना मी त्याची रेघ बघायची. कालच्यापेक्षा पुढे गेली असेल तर मामा उठलाय, बसलाय, ठीक आहे. त्यालाही मी हे हसत हसत सांगून टाकलं होतं, "तुझी रेघ अडली की मी धावत आलेच समज!" तो म्हणाला, "आयुष्यभर मी लोकांवर नजर ठेवली, आता तू माझ्यावर ठेव."

गेले दोन-अडीच महिने माझं त्याच्याकडे जाणं झालं नव्हतं. दुकानातली दुसरी बाई काम सोडून गेली आणि माझ्या रविवारच्या सुट्टीचं वाटोळं झालं. त्याचे शर्ट मात्र यायचे. त्याच्या खालच्या मजल्यावरची शिवणकामवाली बाजारात येताना घेऊन यायची. हल्ली प्रत्येक शर्टावर छातीपाशी चहाचे ओघळ. मी निरोप धाडला, "लाळेरं शिवून घे म्हणावं तुमच्याकडून!" फोन तर तो उचलेनासाच झाला होता. म्हणे, फोन म्हणजे डोक्याला ताप. कधीतरी शिवणकामवालीच्या फोनवरून दोन वाक्यं बोलायचा. मी एक परदेशी मालिका सुचवली तर म्हणाला, "खाली अक्षरं येतात तसलं नको. आपल्या भाषेत बोलतात तसलं सांग." आणि स्वतः काही सुचवणं त्याने बंदच केलं होतं. मला वाटलं, म्हातारपण, दुसरं काय! रेघ रोज पुढे जात होती ना, मग झालं तर.

मी सुचवलेली शेवटची मालिका होती गावाबाहेर एकटी राहणारी म्हातारी माणसं एकेक करून मारली जातात, त्याची. एकट्या म्हाताऱ्याला हे सुचवणारीची अक्कल काय वर्णावी? पण मला ती आवडली होती.

त्या दिवशी दुपारी डबा उघडला आणि मोबाईल बघितला. रेघ कालच्याच जागी. म्हटलं, दिसायला उशीर होत असेल. परत बघितली. शेवटचा भाग, आणि शेवटाला जेमतेम दहा मिनिटं उरलेली. अहो, खुनी कोण हे कळायला दहा मिनिटं राहिली असताना जगात कुणी टीव्ही बंद करतं का? झोप आली तरी माणूस चिमटा काढून जागा राहील. मामा तिथे थांबला होता तो स्वतःहून थांबला नव्हता.

फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. शिवणकामवालीला लावला, ती बहिणीकडे गेलेली. "काल सकाळपासून मी घरात नाही हो," म्हणाली, "का, काय झालं?" काय झालं ते मला तरी कुठे माहीत होतं! डबा तसाच टाकला, मालकाला म्हटलं, "मी चालले." तो म्हणाला, "गिऱ्हाईक?" मी म्हटलं, "गिऱ्हाइकाला सांगा बाई मेली!" आणि जीभ चावली. असल्या वेळी तोंडातून असलंच निघतं.

रिक्षात बसले. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ना, तसं झालं. न्हाणीघरात पाय घसरून पडला असेल. छातीत कळ आली असेल आणि हाक मारायला कुणी नसेल. नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "अगं, लाईट गेली असेल, भित्यापाठी ब्रह्मराक्षस." मी म्हटलं, काल दुपारपासून आजपर्यंत लाईट गेलेली असते का? तो म्हणाला, "मी पण निघतो." त्याने असं म्हटल्यावर तर माझं उरलंसुरलं अवसान गेलं. बुडणारा गप्प होतो, हेच वाक्य डोक्यात घण घालत होतं.

जिना चढून वर गेले तर दाराबाहेर दुधाची पिशवी तशीच पडलेली. बेल वाजवली. उत्तर नाही. दार ठोठावलं. आत काहीतरी सरकल्याचा आवाज आला आणि परत शांत. हाक मारायचं मला सुचलंच नाही. पर्समधून जादा किल्ली काढली. ती कुलपात फिरवली.

दार उघडलं आणि समोर मामा. हातात जुनी हॉकीची काठी, डोक्याच्या वर उगारलेली. दोन पावलांवर उभा. खिडकीतून भरपूर उजेड येत होता आणि तो थेट माझ्या तोंडाकडे बघत होता.

"कोण आहे?" तो ओरडला. "बोल, कोण आहे? डोकं फोडीन!"

मी जागच्या जागी गोठले. माझा मामा माझ्याकडे बघत होता आणि मी कोण हे त्याला कळत नव्हतं.

"मामा... मीच रे."

काठी हळूहळू खाली आली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मग तो हसल्यासारखं करत म्हणाला, "घाबरली ना? थट्टा केली. ये, ये इन्स्पेक्टर." आणि खुर्चीकडे वळला, एका हाताने भिंत चाचपत.

टीव्ही सुरूच होता. आवाज नव्हता. पडद्यावर मोठाल्या अक्षरांत प्रश्न आला होता, तुम्ही अजून बघताय ना, पुढे सुरू ठेवायचं का? बराच वेळ कुणी बटण दाबलं नाही की मालिका आपोआप थांबते आणि पडदा असं विचारतो. होय म्हणून मधलं बटण दाबलं की परत सुरू.

"टीव्ही बिघडलाय बघ," मामा म्हणाला. "काल एकदम आवाज गेला. बिघडलेल्याची बटणं कशाला दाबायची... म्हटलं, नको उगाच, जळायचा."

"मामा, पडद्यावर काय लिहिलंय?"

तो पडद्याकडे वळला. बघत राहिला.

"नेहमीचंच," तो म्हणाला.

मी मटकन खाली बसले. मग जी रडले, आणि रडता रडता त्याच्यावर जी ओरडले! "किती दिवस? किती दिवस दिसत नाहीये तुला? सांगायला काय झालं होतं? मी मेले होते का?"

तो खालमानेने एकेक सांगायला लागला. आधी मधोमध धुरकट व्हायला लागलं. मग माणसांचे चेहरे गेले. घरात अडचण नव्हती, पावलं मोजलेली होती. कपात चहा ओतताना तेवढा अंदाज चुकायचा, मग काठोकाठ भरलेला अंगावर सांडायचा. मोबाईलवर कुणाचा फोन आहे ते दिसत नव्हतं, उचलायला बोट कुठे फिरवायचं तेही नाही. "तुला कळलं असतं तर तू मला उचलून घेऊन गेली असतीस. आणि ह्या खोल्यांत माझी पावलं मोजलेली आहेत गं. तुझ्या घरात मी खरोखरचा आंधळा होईन."

"म्हणून रोज रेघ पुढे ढकलत होतास?"

"तूच म्हणालीस ना, अडली की धावत येईन. मग अडू द्यायची नाही. टीव्ही लावायचा आणि मधलं बटण दाबायचं, तेवढं बोटाला माहीत होतं. पण त्या बटणाने तुझे ते खूनच सुरू व्हायचे. माझे पोहणारे शोधायला दिसायला हवं ना. काय भयंकर मालिका दिलीस गं. नुसती पावलं वाजतात, दार करकरतं, आणि म्हातारं माणूस विचारतं, कोण आहे? मग किंचाळी. मला काही दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. दिवसाढवळ्या अंगाला घाम फुटायचा. तरी बंद केली नाही. बंद केली तर तू येणार. आज तर आधी दार ठोठावलं आणि मग कुलपात खरोखरच किल्ली फिरली..."

ज्या रेघेच्या भरवशावर मी रोज निवांत डबा खात होते ती रेघ म्हणजे माझा मामा एकटा बसून भीत होता.

नवरा आला तेव्हा मी डोळ्यांच्या डॉक्टरांची उद्याची वेळ घेत होते. वेळ मिळाली. डॉक्टर काय सांगतील, किती परत येईल, काही येईल की नाही, देव जाणे. मामाने एकदाच विचारलं, "मला हलवणार?" मी म्हटलं, "आज तरी मीच इथे राहतेय." पुढचं मलाही माहीत नव्हतं.

मी टीव्हीवर त्याचे पोहणारे लावले. "पाणी कसंय?" त्याने विचारलं. मी सांगितलं, निळं, अगदी स्वच्छ, तळाच्या फरशा दिसताहेत. तो थोडा वेळ ऐकत बसला. मग कसनुसा म्हणाला, "इन्स्पेक्टर, नियम मोडशील का? त्यातला खुनी कोण ते सांगून टाक. नाहीतर मला प्रत्येक पाऊल त्याचंच वाटेल."

"त्यातल्या एकाची भाची," मी म्हटलं. "जिच्याकडे सगळ्यांनी विश्वासाने जादा किल्ली दिलेली असते ती."

मामा खो खो हसत सुटला. मी आल्यापासून पहिल्यांदाच. "आण माझी किल्ली इकडे!" म्हणाला आणि हात पुढे केला. हात माझ्यापासून वीतभर बाजूला गेला, रिकाम्या जागेत, आणि तिथेच वाट बघत राहिला.

किल्ली मी दिली नाही. उठून त्याचा हात होता तिथे जाऊन बसले.