खरवडेमामाची होडी

माझ्या मामाचं खरं आडनाव पंपहाउसात कुणी घेतच नसे. तिथे तो खरवडेमामा. शहराला पाणी पुरवणाऱ्या तळ्यात उतरून पाइपाच्या जाळीला चिकटलेले शिंपले खरवडायचे, हे त्याचं काम. हे शिंपले मूळचे इथले नव्हेत. कुठल्याशा होडीच्या बुडाला चिकटून आले आणि ठाण मांडून बसले. जीव बोटाच्या पेराएवढा, पण पाइप बुजवून अख्ख्या शहराच्या तोंडचं पाणी पळवायचा.

नोकरीच्या सुरुवातीला मामा कमरेला दोर बांधून वर्षातून एकदाच उतरायचा, कारण गार पाण्यात शिंपल्यांची वीण होत नाही. पुढे उन्हाळे लांबले, हिवाळे नावापुरते उरले, पाणी कोमट होत गेलं आणि मामा वर्षातून चारदा उतरू लागला. रोज सकाळी तळ्यात थर्मामीटर बुडवून तो आकडा भिंतीवर खडूने लिहायचा. "सोळाच्या वर गेलं की यांच्या घरी पाळणा हलतो," म्हणायचा.

मामीचं माहेर डोंगरावरच्या तळ्याकाठचं. त्या तळ्यातच ती पोहायला शिकली. तिथलं पाणी भर उन्हाळ्यातही चौदाच्या वर जात नसे, त्यामुळे शिंपला चुकून पोचलाच तरी त्याचा वंश वाढत नसे. आपली होडी घेऊन तुला तिथे फिरवीन, असं मामाने लग्नात कबूल केलं होतं. "रिटायर झालो की," हे त्याचं पालुपद मी लहानपणापासून ऐकत आले. मामी हसून सोडून द्यायची. राग मला यायचा, कारण तळं जागेवर होतं, पण मामीचे गुडघे चालले होते.

मामाच्या रिटायरमेंटच्या महिन्यातच हुकूम निघाला. पुढच्या एक तारखेपासून वरच्या तळ्यात बाहेरच्या होड्या कायमच्या बंद. त्यासाठी अर्जांवर अर्ज कुणी केले होते? आमच्याच मामाने.

तीस तारखेला त्याचा निरोप समारंभ होता, म्हणजे उरली फक्त एकतीस. चुकूनही शिंपला राहू नये म्हणून मामाची होडी महिनाभर अंगणात उन्हात वाळत ठेवली होती. मामाने ती कढत पाण्याने धुतली, फटीफटीतून दात घासायचा ब्रश फिरवला. मामी मला म्हणाली, "मला बघायला आले तेव्हासुद्धा एवढं निरखून पाहिलं नव्हतं यांनी."

एकतीसला सकाळी मी गाडीला ट्रॉली जोडून होडी वर नेली. मामी चपला काढून घोटाभर पाण्यात उभी राहिली. मामाने होडीवरची ताडपत्री ओढली आणि तो तसाच थांबला.

होडीत दोराचं वेटोळं होतं. मामाच्या कमरेचा दोर. आदल्या दिवशी सकाळी तो शेवटचा शहराच्या तळ्यात उतरला होता, आणि दुपारी समारंभात पंपहाउसातल्या लोकांनी तोच दोर हार घालावा तसा त्याच्या गळ्यात घातला. मामा इतका गहिवरला, की घरी येऊन त्याने तो स्वतःच्या हाताने होडीत ठेवला. रात्रभर दोराचं पाणी होडीच्या तळाशी झिरपलं होतं. मामाने दोराचे पीळ उकलले. आत एक शिंपला होता, तोंड घट्ट मिटलेला, जिवंत.

"दोर गाडीत टाक आणि होडी उतरव," मी म्हणाले. "एका शिंपल्याने काय होतंय?"

"एकच दिसतोय. त्यांची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत. होडीतल्या या पाण्यात ती असणार."

त्याने खिशातून थर्मामीटर काढला आणि तळ्यात धरला. चौदा येऊ दे, असं मी मनात म्हणत होते.

"किती?" मामीने विचारलं.

"एकोणीस."

मामा काठावरच बसला. "सगळ्यांना शिकवत फिरलो, आणि घोळ माझ्याच हातून झाला गं," म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. मी वैतागून काहीतरी बोलणार होते, पण मामी केव्हाच पाण्याबाहेर आली होती.

"मला हात द्या," ती म्हणाली. ट्रॉलीच्या चाकावर पाय ठेवून, कण्हत, ती होडीत चढून बसली. "या आता. वल्ही घ्या."

"अगं, खाली दगड आहेत."

"घ्या म्हणते ना."

मामा समोर बसला आणि हवेत वल्ही मारू लागला. काठावरचे लोक बघायला लागले तशी मला लाज वाटली. मग मी मामीचा चेहरा पाहिला, आणि मागे जाऊन ट्रॉली हळूहळू हलवू लागले.

मामीने डोळे मिटले. "अहो, जरा सावकाश," ती म्हणाली. "पाणी उडतंय माझ्या अंगावर."