खालच्या आळीचा पाचवा नियम

रेश्माच्या दुकानाचं शटर वर जायच्या आत फोन पाच वेळा वाजलेला असतो, आणि त्या पाचांत कामाचं एकही नसतं. कुणी गुलाब पाठवतो, कुणी उगवता सूर्य, कुणी मधुमेहावर कारल्याचा रस. ग्रुपचं नाव मात्र ‘खालची आळी – फक्त कामाचं’. नाव रेश्मानंच ठेवलेलं, आणि ॲडमिनही तीच. महाडात ॲडमिन होणं नगरसेवक होण्याहून वाईट. नगरसेवक निदान पाच वर्षांनी सुटतो.

ती झेरॉक्स काढते, लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देते, दिवसाला पन्नास जणांचे ओटीपी विचारते. वय अठ्ठेचाळीस, चष्म्याचा नंबर दोनदा वाढलेला, नवरा एमआयडीसीत शिफ्टला. आळीतल्या ज्या चाळीत ती दुसऱ्या मजल्यावर राहते ती यंदा पाडायची आहे. शेजारची दोन घरं गेलीच, त्यांच्या जागी खांबांवरच्या इमारती चढतायत: खाली गाड्या, वर माणसं, म्हणजे पूर आला तर नुसत्या गाड्या बुडाव्यात. तोवर जेसीबी एक दिवसाआड कुठली तरी पाइपलाइन फोडतो. नळ कधी येईल हे ब्रह्मदेवाच्या बापालाही सांगता येणार नाही, म्हणून तर ग्रुप. निम्मे लोक आळीत, निम्मे मुंबईकडे, भांडुप आणि दिव्यात; पण इथल्या नळाची काळजी दिव्यालाच जास्त.

नियम पाच आहेत. शुभेच्छा नकोत, राजकारण नको, आलेलं पुढे ढकलू नये, आणि कुणी गेलं तर श्रद्धांजली एकदाच वाहावी, दिवसभर हात जोडत बसू नये. हे चार कुणी पाळत नाही आणि रेश्माही आता बोलून दमली. पाचवा मात्र तिनं कधी मोडू दिला नाही. नळाला पाणी आलं तर ‘नळ आला’ लिहायचं. ‘पाणी आलं’ हे शब्द फक्त नदीसाठी. चुकलं तर दोनदा समज, तिसऱ्यांदा बाहेर.

परक्या माणसाला याचं हसू येईल. इथे येत नाही. सावित्री गावात शिरली तरी इथली माणसं ‘पाणी आलं’ म्हणतात, आणि नळाला धार लागली तरी ‘पाणी आलं’च. बोलताना घोटाळा होत नाही, आवाजावरूनच कळतं की हंडा उचलायचा की पोरं. लिहिलं की दोन्ही सारखंच.

हे रेश्माला फार महागात पडून कळलं होतं. एकवीस सालच्या जुलैत नळ दोन दिवस कोरडा होता. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं गॅलरीतून पाहिलं, नाक्यावरून तपकिरी पाणी आळीत वळत होतं. ग्रुपवर तिनं दोन शब्द टाकले, ‘पाणी आलं’, आणि सासूला उचलायला आत पळाली. पहिल्या मजल्यावरची बनुबाई हंडा घेऊन मागच्या जिन्यानं नळावर गेली. चाळीचा नळ मागे, खोलगट जागेत, वहाळाच्या पात्राला लागून. हंडा दुसऱ्या दिवशी सापडला, बनुबाई तिसऱ्या.

लोक म्हणाले, बिचारी खुराड्यातल्या कोंबड्या सोडायला गेली असणार. रेश्मानं हो म्हटलं. कोंबड्या सोडायला हंडा कशाला लागतो, हे तिला तेव्हाही कळत होतं. तो मेसेज तिनं पुसला नाही, पण पुन्हा उघडूनही पाहिला नाही. पूर ओसरल्यावर, घराघरांतून चिखल निघत असतानाच, तिनं पाचवा नियम लिहिला.

बनुबाईचा एकुलता एक मुलगा दीपेश भांडुपला असतो, कुठल्याशा गोदामात. तोही ग्रुपवर आहे. कधी बोलत नाही, पण मेसेज कुणी कुणी वाचला ते पाहिलं की त्याचं नाव असतंच. त्याच्या आईनं कोणत्या मेसेजपायी हंडा उचलला हे त्याला सांगावं, असं रेश्माला इतकी वर्षं वाटत होतं. गणपतीत तो यायचा तेव्हा ती मोदक द्यायची आणि गप्प बसायची. आता या रविवारी तो खोलीचा ताबा बिल्डरला द्यायला येणार होता. खोली गेली की त्याचं महाडात येणं संपलं. म्हणजे सांगायचं तर रविवारीच, नाही तर कधीच नाही.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात ठकूबाईनं गोंधळ घातला.

ठकूबाई तळमजल्यावरची, माहेर जवळच्याच नाते गावचं, पंचाहत्तरीच्या पुढची. लिहिता येत नाही, म्हणून ती व्हॉइस टाकते. मंगळवारी अकरा वाजता तिनं टाकला. किराणावाल्या चंदूनं त्या दिवशी तो उघडला आणि पहिले दोन सेकंद ऐकले. ‘पाणी आलं गो’ एवढं कानावर पडलं, मागे धो-धो आवाज. त्यानं ताबडतोब लिहिलं, ‘पाणी आलं’, पुढे चार उद्गारचिन्हं. नदी तशी दोन दिवस फुगलेलीच होती. दहा मिनिटांत आळीतल्या रिक्षा हायवेकडे धावल्या, मेडिकलवाल्यानं खोकी माळ्यावर फेकली, चंदूनं साखरेची पोती खांद्यावर घेतली आणि एक पोतं गटारात पाडलं. मग कुणीतरी बाहेर येऊन पाहिलं. आळी कोरडी ठणठणीत. मधोमध कुत्रं झोपलेलं.

मग जो शिमगा झाला तो विचारू नका. चंदूला कुणी बोललं नाही, कारण उधारी सगळ्यांचीच त्याच्याकडे. सगळे घसरले म्हातारीवर. ‘हिला काढा.’ ‘नियम सगळ्यांना सारखे.’ ‘ॲडमिन झोपलेत काय?’ दिव्याहून एकानं अंगठा खाली दाखवला. ठकूबाईचे व्हॉइस एरवी कुणी उघडत नसे, तरी समज तिला याआधी दोनदा दिलेली होती. रेश्मानं गिऱ्हाईकाचा फॉर्म तसाच ठेवला आणि तिचं नाव काढून टाकलं. वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी ठकूबाई दुकानात हजर. काठी काउंटरला टेकवली, पदराची गाठ सोडून फोन काढला.

“जरा बघ गो रेश्मा. माजा आवाज कालपासून जात नाय. बिघडला का काय?”

रेश्मानं फोन हातात घेतला. दुरुस्त करण्यासारखं त्यात काही नव्हतं. “काकी, बिघडला नाही. मीच तुम्हाला ग्रुपमधून काढलंय.”

“का गो?”

“कितीदा सांगितलं, नळ आला म्हणायचं, पाणी आलं नाही. लोक घाबरतात.”

“आवाज आयकला नाय का कुनी?”

“कसला आवाज?”

“हंड्याचा! मी फोन हंड्यापाशी धरते. आदी रिकाम्या हंड्याचा आवाज येतो, मंग भरत आल्याचा. तुमी लिवता त्यात कळत नाय कुठलं पानी ता. हंडा वाजला की येड्यालाबी कळल, नळाचं हाय.” ती दम घ्यायला थांबली. “त्या दिवशी बनू गेली ना, तवा तिच्या हाकेनं मीबी हंडा घेऊन निघालेली. गुडघा धरला म्हणून जिन्यात बसले. ती म्हनली, बस तू, तुजाबी भरून आनते. तवापासून मी आवाज धाडते.”

रेश्मानं तिथेच तो व्हॉइस लावला. सत्तावीस सेकंदांचा. खरंच, ‘पाणी आलं गो’च्या मागोमाग आधी पोकळ ठणठण, मग भरत जाणारा घुमता आवाज, आणि शेवटी ठकूबाई: ‘हंडा भरला, आता लवकर या समद्यांनी.’ गेली पाच वर्षं ही बाई रोज सगळ्यांना हे पाठवत होती आणि एकानंही पुरतं ऐकलं नव्हतं. रेश्मानंही नाही. तिची तिलाच इतकी लाज वाटली की झेरॉक्सला उभ्या असलेल्या माणसाला तिनं दोनच्या जागी सहा कागद काढून दिले.

तिनं ठकूबाईला परत घेतलं. खाली लिहिलं, ‘व्हॉइस शेवटपर्यंत ऐकावेत.’ चंदूनं लगेच विचारलं, ‘नियम बदलला का?’

रविवारी दीपेश सकाळच्या गाडीनं आला. चौतीसचा, पण केस पिकलेले. खोलीत नेण्यासारखं फारसं नव्हतं. पुरात बुडालेलं जातं, दोन ट्रंका, आईचा एक फोटो. बिल्डरचा माणूस दीड वाजता येणार होता. त्यानंतर दीपेश पोलादपूरची गाडी धरून उमरठला, वाडीवरच्या चुलत्याकडे ट्रंका टाकायला जाणार होता. रेश्मा चहा घेऊन खाली गेली आणि कप त्याच्या हातात द्यायच्या आधीच बोलली. एकदा कप दिला की पुन्हा मोदकांसारखं होईल, हे तिला ठाऊक होतं.

“दीपेश, तुझी आई कोंबड्यांसाठी गेली नव्हती. मी ग्रुपवर ‘पाणी आलं’ लिहिलं. पुराचं, असं लिहिलं नाही. चाळीत कुणीतरी वाचलं असेल, तिला वाटलं नळ आला. तुला हे आधीच सांगायला हवं होतं. धीर झाला नाही.”

दीपेश ट्रंकेवर बसला. तिच्या कुलपाशी चाळा करत राहिला.

“काकी, चाळीत कुणी नाय वाचलं,” तो म्हणाला. “सगळे झोपेत होते. मी वाचलं. भांडुपला, नाइट सुटून रूमवर आलेलो. म्हटलं दोन दिवस पाणी नाय, आई सारखी कटकट करतेय. फोन लावला तिला. ‘आये, पाणी आलंय, ऊठ, भरून घे.’ ती म्हणाली, इतक्या लौकर कसं आलं? मी म्हटलं, रेश्माकाकीनं टाकलंय, म्हणजे पक्कं.”

रेश्मानं कप खिडकीत ठेवला.

“मग तुम्ही तो नियम लिहिला,” तो म्हणाला. “नळ आला म्हणायचं, पाणी आलं नाय. मला वाटलं तुम्हाला कळलंय. कुणीतरी माझा फोन ऐकला असेल. नाव न घेता तुम्ही मलाच सुनावलंत. ग्रुप सोडायची लय इच्छा व्हायची. पण सोडला तर सगळ्यांना कळेल, असं वाटायचं. म्हणून गप ऱ्हायलो. चुकलं कुणाचं की तुम्ही तो नियम परत टाकायच्या. मी दर वेळी पुरता वाचायचो.”

पाच वर्षं. पावसाळ्यात तर आठवड्यातून दोनदा टाकला असेल. ती दुकानात बसून तो चिकटवायची, एका बोटानं, ओटीपीची वाट बघत. आणि तिकडे भांडुपला दर वेळी हे पोर तो घशाखाली उतरवत होतं.

खाली बिल्डरचा माणूस हाक मारत होता. दीपेश उठला नाही. रेश्मा त्याच्या शेजारी, दुसऱ्या ट्रंकेवर बसली, आणि कितीतरी वर्षांनी तिनं कुणाच्या तरी डोक्यावरून हात फिरवला.

“तुला नाही रे,” ती म्हणाली. “तो मी मला लिहिला होता.”