जोग मॅडमचं ‘कम राउंड’

हॉस्पिटलात काम करणाऱ्या माणसाला किस्से साठवायला वेळ नसतो, तरी ते साठतात. डबा खाताना एकानं एक सांगितला की दुसऱ्याला दुसरा आठवतो, आणि भाजी गार होते. माझ्याकडचे निम्मे किस्से तर एकाच इंग्रजी जोडशब्दाचे आहेत. ‘कम राउंड’.

सांगलीत विश्रामबागेत जोग मॅडमच्या पुढच्या खोलीत आमचा क्लास भरायचा. मॅडम मूळच्या वाईच्या, शाळेतून रिटायर झालेल्या. इंग्लंडात नर्सिंग करायचं तर इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, तिची तयारी त्या करून घ्यायच्या. विद्यार्थी तिघंच. दहिवडीची कविता, सांगलीचीच वर्षा आणि उंब्रजचा मी. तिघंही एकाच हॉस्पिटलात. मला सगळे ‘ब्रदर’ म्हणायचे, मॅडमसुद्धा. दुपारी ड्यूटी सुटली की आम्ही युनिफॉर्मवरच तिकडं जायचो.

मॅडम म्हणायच्या, "पुस्तकातलं इंग्रजी तुम्हाला येतं. तिथले पेशंट पुस्तकातलं बोलणार नाहीत. शुद्धीवर आला याला ते ‘कम राउंड’ म्हणतील, नाहीतर नुसतं ‘कम टू’."

*

पहिल्याच आठवड्यात त्यांनी वाक्य दिलं, ‘द पेशंट केम राउंड ॲट टेन.’ म्हणाल्या, अर्थ सांगा.

कविता रोज दहाला डॉक्टरांचा राउंड बघणारी. तिनं लगेच हात वर केला. "पेशंट दहा वाजता राउंडला आला."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "बरं. आणि डॉक्टर?"

"ते रजेवर आसतील मॅडम," कविता म्हणाली. "म्हणून पेशंट आला."

*

मग मॅडमनी गृहपाठ दिला. ‘शुद्धीवर आला’ याला वॉर्डात नातेवाईक काय काय म्हणतात, ते लिहून आणायचं. मी कान देऊन ऐकायला लागलो. ‘शुद्धीवर’ हा शब्द कुणीच वापरत नव्हतं. डोळं उघडलं, वळखलं, हूं म्हणाला, हात दाबला. माझं अर्धं पान भरलं.

त्याच दिवसांत माण तालुक्यातले एक म्हातारे आमच्याकडं होते. डोक्याचं ऑपरेशन झालेलं, तीन दिवस काही हालचाल नाही. त्यांची बायको त्यांच्या पायावर हात ठेवून बसलेली असायची. चौथ्या दिवशी सकाळी ती काउंटरपाशी आली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "ब्रदर, शेरडं इच्यारली त्येंनी."

मला काही कळेना.

"आवं, शेरडं कुणाकडं सोडलीस म्हनून इच्यारलं. मी म्हनलं, जावंकडं. तर म्हनत्यात, तिला काय कळतंय." एवढं बोलून ती तिथंच फरशीवर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली.

मी पानाच्या तळाला लिहिलं, ‘शेरडं विचारणे’. मॅडम शब्दाशब्दाला लाल पेन चालवायच्या. तिथं मात्र त्यांनी काही खोडलं नाही. शेजारी बारीक अक्षरात लिहिलं, ‘हा सगळ्यात चांगला.’

*

माझी परीक्षा. तिथं संभाषणाच्या भागात समोरची बाई नातेवाइकाचं सोंग घेते. त्या दिवशी ती एका बेशुद्ध पेशंटची बायको झाली होती. काळजीचा चेहरा करून तिनं विचारलं, ‘व्हेन विल ही कम राउंड?’

आता ‘कम राउंड’चा दुसरा अर्थ म्हणजे कुणाकडं सहज जाणं, भेटायला येणं, ‘ड्रॉप इन’. मॅडमनी तो आदल्याच दिवशी पक्का करून घेतला होता, आणि माझ्या डोक्यात तोच बसलेला. मी नम्रपणे इंग्रजीत सांगितलं, "भेटायची वेळ चार ते सहा आहे."

थोडक्या मार्कांनी नापास झालो. तोंड पाडून क्लासला गेलो. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, चहा पुढं केला आणि म्हणाल्या, "अर्थ बरोबर होता ब्रदर. पेशंट चुकला."

*

वर्षा पहिल्या फटक्यात पास झाली आणि गेली. तिकडं तिच्या वॉर्डात एक आजी होत्या. त्यांचा भाऊ आईच्या घरावरून बरीच वर्षं त्यांच्याशी बोलत नव्हता. आजी त्याच्याबद्दल बोलताना म्हणायच्या, ‘ही विल कम राउंड.’ वर्षाला वाटलं, तो भेटायला येणार. म्हणून भेटीच्या वेळेला ती रोज आजींच्या कॉटजवळ एक खुर्ची नेऊन ठेवायची.

चौथ्या दिवशी तिथल्या एका नर्सनं विचारलं, ही खुर्ची कुणासाठी? वर्षानं सांगितलं. तेव्हा त्या नर्सनं तिला बाजूला घेतलं. "अगं, येणार कुणी नाहीये. त्याचा राग जाईल, त्याचं मन वळेल, असं म्हणताहेत त्या."

वर्षाला फार लाज वाटली. ती खुर्ची उचलायला गेली, तर आजी म्हणाल्या, "राहू दे."

हे ती फोनवर सांगत होती तेव्हा मॅडमच्या खोलीत आम्ही स्पीकरवर ऐकत होतो. मॅडमनी विचारलं, "मग आला का गं तो?"

"सहाव्या दिवशी आला मॅडम. खुर्चीवर बसला. पण बोलला एक शब्द नाही."

मॅडम म्हणाल्या, "असू दे. एक अर्थ झाला. दुसरा होईल."

*

आता क्लास बंद झाला. मॅडम भावाकडं वाईला गेल्या. मी पुन्हा परीक्षेला बसलो नाही. आई उंब्रजला एकटी असते, आणि हा वॉर्डही अंगवळणी पडलाय. मॅडमच्या पुढच्या खोलीत भाडेकरू आलेत. त्या रस्त्यानं जाताना माझी गाडी आपोआप हळू होते. खिडकीत दुसऱ्याच कुणाचे कपडे वाळत असतात.

मध्यंतरी वर्षाचा व्हिडिओ कॉल आला. हातात मोदकाची ताटली. सण फिरून आला यालाही ‘कम राउंड’ म्हणतात, हा मॅडमनी सांगितलेला आणखी एक अर्थ. वर्षा म्हणाली, "गणपती केम राउंड, ब्रदर." मग ताटली खाली ठेवली. "सुट्टी काय केम झाली नाही." दोघंही हसलो.

*

कविताचा किस्सा मी नेहमी शेवटी सांगतो.

तिचा नवरा मुंबईला नोकरीला. दहिवडीच्या घरी एकटे सासरे, आबा. मिलिटरीतून रिटायर झालेले. सासूबाई गेल्यापासून कविता सुट्टीला जायची तेवढाच त्या घरात आवाज. सून परदेशात जाणार न्हाई, असं आबांनी दोनदा फोनवर बजावलं होतं. तरी तिनं क्लास सोडला नव्हता.

एका दुपारी आबाच दारात उभे. इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी. उंबऱ्यातूनच म्हणाले, "मॅडम, हिचं नाव काढा."

कविताचा चेहरा उतरला. मॅडम म्हणाल्या, "काढते. पण आज वर्षा आलेली नाही, मला पेशंट कमी पडलाय. पाच मिनिटं आडवे व्हा."

आबांना हुकूम पाळायची सवय. बूट काढून ते दिवाणावर ताठ झोपले. कविता शेजारी उभी राहिली.

"गुड आफ्टरनून. हाऊ आर यू फीलिंग?"

"फाइन, सर."

कुणी हसलं नाही.

"एनी पेन?"

"नो पेन, सर."

परीक्षेत पेशंटला कसली काळजी आहे का, हे विचारावंच लागतं. कवितानं विचारलं, "आर यू वरीड अबाउट एनिथिंग?"

आबा छताकडं बघत राहिले. मग म्हणाले, "हाऊस एम्प्टी."

यावर बोलायची वाक्यं आम्हाला पाठ होती. कविताला तर सगळ्यात जास्त. पण नाडी बघायला धरावा तसा तिनं त्यांचा हात मनगटाशी धरला आणि तशीच उभी राहिली. मॅडमनी तिला टोकलं नाही. पाच मिनिटं पूर्ण होऊ दिली. मग म्हणाल्या, "वेळ संपली."

आबा उठले. बसून बुटांच्या नाड्या बांधल्या, पिशवी उचलली. मॅडमनी नावांची वही पुढं ओढली, पेनाचं टोपण काढलं आणि त्यांच्याकडं बघितलं. आबा दारापर्यंत गेले, वळले.

"मॅडम," ते म्हणाले, "पेशंटनं परत कवा यायचं?"