‘अहो’ हा कॉलसाइन कुणाचा?

माझ्या बायकोला मी काही दिवस परकीय सैन्यातली अधिकारी समजत होतो. (लग्नाला बरीच वर्षं झाल्यामुळे हे मला फारसं अशक्य वाटलं नाही.)

नेदरलँड्समधल्या झूटरमेरच्या आमच्या घरात माळ्यावर बसून, हेडफोन लावून मी लष्करी विमानांचं रेडिओवरचं बोलणं ऐकतो. वैमानिक खरं नाव सांगत नाहीत, ठरवून दिलेलं टोपणनाव सांगतात. तोच कॉलसाइन. तो कुणाचा, हे ओळखायचं. आम्हा छंदिष्टांचं एक मंडळ आहे आणि मला त्यात ‘अनोळखी कॉलसाइन’ विभागाचा प्रमुख व्हायचं होतं. ऑफिसात कुणी प्रमुख करेना, निदान इथे तरी!

अध्यक्ष हेंक मागच्याच गल्लीत राहतात. त्यांनी एकदा ग्रुपवर लिहिलं, “नवीन स्टेशन! आधी फुस्स आवाज, मग एक बाई परक्या भाषेत एकेक शब्द बोलते. शेवटी फार चिडते. रोज संध्याकाळी.”

मी लगेच ठोकून दिलं : फुस्स म्हणजे सांकेतिक संदेश, आणि चिडते म्हणजे हुद्दा मोठा. सैन्यच! ग्रुपवर अंगठ्यांचा खच पडला.

मी खाली जाऊन ही बातमी बायकोला, वैशालीला, ऐकवली.

“ते सैन्य राहू द्या,” ती म्हणाली. “माझे हात कणकेत असतात, तेव्हा कुकर कोण बंद करणार? आज पण डाळ करपली.”

शनिवारी हेंककडे बैठक होती. कॉफी, प्रत्येकी एक बिस्किट आणि शेवटी माझी निवड. त्याआधी हेंकनी रेकॉर्डिंग लावलं.

फुस्स. “एक.”

फुस्स. “दोन.”

फुस्स. “तीन झाल्या! अहो, गॅस बंद करा. अहो! अहो, ऐकताय का?”

मी बिस्किट खाली ठेवलं. मुलीचा कॅम्पिंगचा वॉकीटॉकी आमच्या स्वयंपाकघरात चार्जिंगला असतो. मोठा आवाज झाला की तो आपोआप सुरू होतो आणि तो आवाज थेट मागच्या गल्लीपर्यंत पोचवतो. आमच्या घरात मोठे आवाज दोनच, एक कुकरचा आणि दुसरा वैशालीचा.

“ओळखलंस?” हेंकनी विचारलं.

“ओळखलं. माझी बायको.”

कपाळाला आठ्या घालून हेंकनी रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं.

“पण ती ‘अहो’ नावाच्या स्टेशनला रोज बोलावते आणि ते एकदाही उत्तर देत नाही. यंत्र बिघडलंय का त्याचं?”

“यंत्र ठणठणीत आहे,” मी म्हणालो. “ते हेडफोन लावून माळ्यावर बसलेलं असतं.”