बाय-बाय वाटी आणि आमचा कावळा

गेल्या वर्षी आमच्या घरात वजन वाढलं ते दोघांचंच. माझं आणि कावळ्याचं.

ज्याचं वाढायला हवं होतं तो माझा नातू वेंकू. सहा वर्षांचा, ऑटिस्टिक. तो इडली खातो. फक्त इडली, पांढरी, कोरडी आणि काठ न तुटलेली. वजन असंच राहिलं तर नाकातून नळी घालून पोटात अन्न सोडावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि घरातलं हसणंच बंद झालं.

त्यात आम्ही तंजावरचे मराठी. सांबाराचा शोध आमच्या राजांच्या मुदपाकखान्यात लागला, हे आम्ही प्रत्येक पाहुण्याला सांगतो (त्यानं विचारलेलं नसतं). आणि आमचाच वंशज सांबाराचा वास आला की कानांवर हात ठेवून खोलीबाहेर जातो! (कानांवर का, ते मला विचारू नका. माझी बायको म्हणायची, त्याला वास ऐकू येत असेल.) ती गेली त्याला आता दोन वर्षं होतील. जेवणाआधी मागच्या गॅलरीच्या कठड्यावर कावळ्याला भात ठेवायचा तिचा नेम मी चालवतो. तिच्याइतका नीट नाही, पण चालवतो.

अंबत्तूरमधल्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाईंनी आम्हाला समोर बसवून नियम सांगितले.

"रोज ताटात चमचाभर सांबार-भात ठेवा. खाल्लाच पाहिजे असं नाही. वास घेतला, हात लावला, तरी पुष्कळ. नको असेल तर चमच्यानं शेजारच्या बाय-बाय वाटीत टाकू दे."

"आणि भरवायचं कोणी?" मी विचारलं.

"कोणीच नाही. त्याच्याकडे बघायचं नाही, शाबासकीही द्यायची नाही. त्याला दडपण येतं."

"मग आम्ही काय करायचं?"

"तुम्ही जेवा, तात्ता." (इथे तमिळमध्ये आजोबांना तात्ता म्हणतात.)

मी जेवलो. इतक्या मनापासून कुठलीही थेरपी आजवर कोणी पाळली नसेल. अन्न टाकवत नाही, म्हणून बाय-बाय वाटीही मीच संपवायचो. मुलगा ओरगडमला कारखान्यात शिफ्टवर, त्यामुळे जेवायला आम्ही तिघंच असायचो. मी, सून मृणाल आणि वेंकू. मृणाल साताऱ्याची. मी छताकडे बघून जेवायचो, ती भिंतीकडे बघून.

एक दिवस वेंकूच्या ताटातला सांबार-भात गायब. वाटीही कोरडी.

"अप्पा, तुम्ही खाल्लात?" मृणालनं हळूच विचारलं.

"देवाची आण अम्मा, मी नाही खाल्लं." (इथे सुनेलाही मायेनं अम्मा म्हणतात.)

दुसऱ्या दिवशीही तेच. मृणाल ओट्यापाशी पाठ करून रडली. मी बिल्डिंगभर जिलेबी वाटली आणि तंजावरपासून पुण्यापर्यंत सगळ्यांना फोन केले. "रक्त आहे हो शेवटी," असंही म्हणालो. (तेव्हा शोभून दिसलं.)

पुढच्या भेटीत बाईंनी वेंकूला काट्यावर उभं केलं. वजन आधीपेक्षा कमी.

"त्याला खाताना कोणी पाहिलं?"

"तुम्हीच तर बघू नका म्हणालात," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मृणाल दाराआड उभी राहिली, मी पेपराआड. आम्ही दिसेनासे होताच वेंकूनं सगळा सांबार-भात मुठीत घेतला, गॅलरीत गेला आणि मी जिथे भात ठेवतो बरोब्बर तिथेच ठेवला. कावळा हजर होताच. तो इतका सुटला होता की उडण्याआधी त्याला विचार करावा लागे.

मृणाल तिथेच जमिनीवर बसली. "अप्पा, मी साताऱ्याला आईला सांगून बसले हो."

आनंदाचे फोन करता येतात. ते परत कसे घ्यायचे, हे कोणी शिकवत नाही. फार वाईट वाटलं. बायको असती तर पहिल्याच दिवशी ओळखलं असतं.

थेरपिस्ट बाईंना फोन केला, तर त्या उलट खूश. "हातानं उचलला? आधी तर तो त्या खोलीत थांबत नव्हता. भरवू दे कावळ्याला. तुम्ही जवळ बसा, एवढंच." डॉक्टरांनी थोडी मुदत दिली आहे. नळीची टांगती तलवार अजून डोक्यावर आहेच, हे मी लपवत नाही.

परवा मी नेमाप्रमाणे गॅलरीत बसलो होतो. वेंकू मूठ भरून आला. कावळा आला नाही. (कोणाच्या तरी श्राद्धाला गेला असावा.) वेंकू बराच वेळ कठड्यापाशी थांबला. कोपरापर्यंत ओघळ आला, तरी हात पुसला नाही. मग वळला आणि ती मूठ माझ्या तोंडाशी आणली.

गेली कित्येक वर्षं एक घास त्याला माझ्या हातानं भरवावा, एवढीच माझी इच्छा होती. मी तोंड उघडलं. सांबारात मीठ कमी होतं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही, शाबास म्हणालो नाही. डोळ्यांतून पाणी आलं, ते पुसलंही नाही. त्यानं बोटं माझ्या वेष्टीच्या सोग्याला पुसली, एकदा नाकाशी नेऊन हुंगली आणि आत निघून गेला.

मृणाल दारात उभी होती. थेरपिस्ट बाईंना काय सांगू, म्हणाली. मी म्हटलं, खरं तेच सांग. हातानं भरवलेला घास आपल्या घरात अखेर एक जण मुकाट्यानं खायला शिकला. वय वर्षं एकाहत्तर.