तृप्त कावळा आणि आमचं श्राद्ध

श्राद्धाच्या दिवशी कावळा उपाशी असावा लागतो, ही गोष्ट कोणत्याही शास्त्रात लिहिलेली नाही. लिहिलेली असती तर मी पाळली असती. मी सगळंच पाळतो.

इंग्रजी अमदानीतली गोष्ट. बुऱ्हाणपुरात बुधवाऱ्यातल्या मराठी शाळेत मी तिसरीचा मास्तर होतो. शिक्षणखात्याचा हुकूम आला, की सृष्टिज्ञान पुस्तकातून न घोकवता मुलांकडून प्रत्यक्ष करवून शिकवावं. बाकीच्या मास्तरांनी हुकूम वाचून सही केली. मी सही करून अमलात आणला!

कोण कोणाला खातो, हा धडा होता. विणकरांकडून जाड सूत आणलं आणि मुलांना ओळीनं उभं करून प्रत्येकाच्या हातात ते दिलं. एक झाला जवारी, दुसरा तिला खाणारा नाकतोडा, आणि नाकतोड्याला खाणारा कावळा झाला नथू. (नथूला कावळा होण्यासाठी वेगळं काही करावं लागलं नाही. आवाज तोच होता.) जवारीनं सूत ओढलं की थेट कावळ्यापर्यंत हिसका बसायचा. सुताचं शेवटचं टोक मी धरलं आणि म्हणालो, "हा मनुष्य. सर्वांत वर."

"गुरुजी, तुम्ही कावळा खाता?" नथूनं विचारलं.

"खात नाही. पण मनुष्य सर्वांत वर असतो."

धडा इथेच थांबवला असता तर पुढचं टळलं असतं. पण प्रत्यक्ष म्हणजे प्रत्यक्ष! खरे नाकतोडे हवेत म्हणून मुलांनी शेतातून धरून आणले. ते मी काचेच्या बरणीत, तोंडाला मलमल बांधून, घरी परसातल्या कोनाड्यात ठेवले. आणि कावळे जवळून पाहता यावेत म्हणून सांगितलं, "उद्या सकाळी प्रत्येकानं चतकोर भाकरी आणायची."

त्या 'उद्या'ला पितृपक्षात माझ्या वडिलांची तिथी होती. हे मला माहीत होतं. म्हणून तर मी अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती. भाकरी सकाळी, श्राद्ध दुपारी. दोन वेगळी खाती! त्यांचा एकमेकांशी संबंध येईल, असं मला वाटलं नाही.

दुपारी भटजींनी मंत्र संपवले. परसातल्या भिंतीवर कावळ्याचं पान ठेवलं: भात, खीर, उडदाचे वडे. (भिंतीपलीकडे शाळा. भिंत एकच.) कावळा आला. पानापासून दोन हातांवर बसला, वड्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

"काव काव," मी म्हणालो. मग भटजी म्हणाले. मग बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. कावळा सोडून सगळे ओरडले!

कावळा शिवल्याशिवाय भटजींना जेवायचं नव्हतं, भटजींआधी आम्हाला नव्हतं. सूर्य कलला. भटजींच्या पोटातून आलेला आवाज मला मंत्रातलाच वाटला.

तेव्हा आत्या पुढे झाली. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. तिच्या मुलाची कापसाची आडत, म्हणजे दलालीची पेढी, होती. माझा हिशेब चोख, म्हणून मी मास्तरकी सोडून त्या गादीवर बसावं, असा तिचा कित्येक वर्षांचा धोशा होता.

"दादाचा जीव तुझ्यात अडकलाय, रघू. पोरांना किडे-मकोडे शिकवतोस ते त्याला पसंत नाही." आणि कावळ्याला हात जोडून ती मोठ्यानं म्हणाली, "दादा, रघू शाळा सोडेल, आडतीवर बसेल. माझा शब्द! आता खा."

कावळा एक पाऊल पुढे आला!

"बघ! बघ, ऐकतोय!"

आत्ता शिवला तर माझी शाळा संपली! दुपारपासून ज्याच्या शिवण्याची वाट पाहिली, त्याच कावळ्याला मी मनातल्या मनात 'हड, हड' करू लागलो.

बायको कानाशी कुजबुजली, "अहो, तोंड उघडा ना! वडील तुमचे आहेत की त्यांचे?"

मी घसा साफ केला. "बाबा, शाळा मी सोडणार नाही. खायचं तर खा."

कावळा एक पाऊल मागे गेला.

"झालं समाधान?" आत्या म्हणाली.

मागे जाताना तो लंगडला आणि मी त्याला ओळखलं. सकाळी शाळेच्या अंगणात सर्वांत जास्त भाकरी खाणारा लंगडा हाच! तेवढ्यात भिंतीवर नथूचं डोकं उगवलं.

"गुरुजी, त्याचं पेट भरेल आहे! सकाळी आपणच खाऊ घातलं ना त्याले!"

मी मनात हिशेब केला. बत्तीस मुलं, चतकोर भाकरी, म्हणजे आठ भाकरी. कावळे सहा. दर कावळ्यामागे एक पूर्णांक एक तृतीयांश. मी स्वतः दीड भाकरीपुढे जात नाही.

"वड्याले तो विचारणार नाही," नथू म्हणाला. "नाकतोडा द्या. साखळीत नाही का!"

"श्राद्धाच्या पानावर किडा?" आत्या कडाडली. "पागल झालास का रे पोरा?"

भटजींनी डोळे मिटले. "पानावर नको," ते क्षीण आवाजात म्हणाले. "पानाशेजारी चालेल."

मी बरणी आणली. एकच नाकतोडा काढायचा, असा माझा नेमका बेत होता. मलमल सोडली मात्र, सगळा वर्ग सुटला! एक आत्याच्या पदरावर, एक भटजींच्या शेंडीवर, दोन खिरीत. आत्या पाटावर चढली. आणि एक टुणकन उडाला तो नेमका भिंतीवरच्या वड्यावर बसला.

लंगड्यानं झेप घेतली. नाकतोडा वड्यासकट उचलला आणि गेला!

"शिवला! शिवला!" सगळे ओरडले.

"माझ्या शब्दावर शिवला!" पाटावरून आत्या म्हणाली. "आता आडत!"

"शेवटचं मी बोललो होतो," मी म्हणालो. "शाळा सोडणार नाही, म्हणून!"

सगळ्यांनी भटजींकडे पाहिलं. भटजींनी स्वयंपाकघराकडे पाहिलं.

"शेवटचा शब्द यजमानाचा," त्यांनी निकाल दिला. "पानं वाढा."

मास्तरकी वाचली! आत्या पदर झटकत म्हणाली, "म्हणजे दादाला किडे-मकोडेच पसंत. लहानपणापासून तसाच होता." त्या विजयाच्या भरात मी आग्रह करकरून वाढलं. भटजी जेवले, आत्या जेवली, भिंतीवरून उतरून नथू जेवला. मी शेवटी पान घेऊन परसात बसलो, तेव्हा वडा एकच उरला होता. त्यावर एक नाकतोडा बसला होता. त्याला उडवायला मी हात उचलला, आणि वरून लंगडा आला.

दुसऱ्या दिवशी वर्गात पुन्हा सूत धरलं. मी नेहमीप्रमाणे शेवटच्या टोकाकडे निघालो, तर तिथे नथू उभा.

"गुरुजी, इथं कावळा," तो म्हणाला. "तुमचा वडा त्यानंच खाल्ला ना?"

प्रत्यक्ष ते प्रत्यक्ष. मी मुकाट्यानं ओळीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन जवारीच्या खाली उभा राहिलो.